मुद्रित मंडलांची जुळणी : हस्तश्रम आणि स्वयंचालन

रोधक, धारित्रे, ट्रँझिस्टर, संकलित मंडले इ. इलेक्ट्रॉनीय घटक मुद्रित मंडलाच्या फलकावर ठरलेल्या जागी बसवून ते डाखाने पक्के करण्याच्या क्रियेस मुद्रित मंडलाची जुळणी असे म्हणतात. फलकावरील तांब्याच्या पातळ पट्ट्या तारांचे काम करतात आणि डाखाचा प्रत्येक जोड एकाच वेळी घटकाला यांत्रिक आधार व विद्युत् प्रवाहाला मार्ग देतो. ही जुळणी माणसाच्या हाताने करावयाची की यंत्राने, हा प्रश्न मुद्रित मंडलाइतकाच जुना आहे. यंत्र अधिक वेगवान असल्याने त्याने हाताची जागा क्रमाने घेतली, असे या इतिहासाचे चित्र सामान्यपणे रेखाटले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. नगांची संख्या, नमुन्यांची विविधता, घटकांचा आकार आणि मजुरीचा दर या चार गोष्टींवर ही निवड प्रत्येक काळात अवलंबून राहिली. निर्णय एकीकडे झुकला तेव्हा हजारो कामगारांचे काम एका देशातून दुसऱ्या देशात गेले आणि तो चुकला तेव्हा सुसज्ज कारखानेही बंद पडले.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रेडिओ संचात पत्र्याचा सांगाडा असे. त्यावर निर्वात नलिकांच्या बैठका व रोहित्रे बसवीत आणि सांगाड्याच्या खालच्या बाजूस प्रत्येक तार कापून, सोलून, वळवून व डाख देऊन जोडीत. हे सर्व काम हातानेच होई. एका संचात शेकडो जोड असत आणि त्यांपैकी एक जरी चुकला, तरी तो शोधण्यात पुष्कळ वेळ जाई. मूळ ऑस्ट्रियन असलेले अभियंते पाउल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये निरोधक पत्र्यावर धातूच्या वर्खाचे मंडल कोरून त्यावर चालणारा रेडिओ तयार केला आणि १९४३ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. युद्धकाळात लक्ष्याच्या जवळ येताच तोफगोळ्याचा स्फोट घडविणाऱ्या सामीप्य-स्फोटकाग्रासाठी लहान, मजबूत व प्रचंड संख्येने लागणारी मंडले आवश्यक झाली. अमेरिकेत ती चिनी मातीच्या पट्टिकांवर संवाहक शाईने छापण्यात आली. अशा रीतीने मंडल ‘मुद्रित’ झाले, म्हणजे तारा जोडण्याचे काम छपाईने केले. घटक बसविण्याचे व डाख देण्याचे काम मात्र हातांकडेच राहिले. पुढील सर्व इतिहास या उरलेल्या दोन कामांचा आहे.

संपूर्ण स्वयंचालनाचे आरंभीचे प्रयत्न : हंगेरियन वंशाचे ब्रिटिश अभियंते जॉन सारग्रोव्ह यांनी १९४७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनीय मंडल निर्मिती सामग्री’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे एक यंत्र लोकांपुढे आणले. त्यात खाचा असलेली बेकेलाइटाची पट्टिका एका टोकाने आत जाई. तिच्या दोन्ही बाजूंवर वितळलेल्या जस्ताचा फवारा मारण्यात येई आणि वरचा थर घासून काढल्यावर खाचांत उरलेले जस्त तारांचे व काही घटकांचे काम करी. मिनिटाला सुमारे तीन फलक तयार करण्याची या यंत्राची क्षमता होती. दोन नलिकांचा स्वस्त रेडिओ तयार करून तो भारतासारख्या मोठ्या लोकसंख्येच्या देशांत विकावा, अशी त्यामागील कल्पना होती. ती फलद्रूप झाली नाही. यंत्र एकाच प्रकारच्या मंडलासाठी घडविलेले होते. त्या एका प्रकाराला मोठी व निश्चित मागणी असेल तरच त्यावरील भांडवल परत मिळणे शक्य होते. अशी मागणी उभी राहिली नाही आणि योजना मागे पडली.

अमेरिकेत नौदलाच्या विमान विभागासाठी राष्ट्रीय मानक कार्यालयाने १९५० नंतर ‘टिंकरटॉय’ हा प्रकल्प हाती घेतला व १९५३ मध्ये तो जाहीर केला. कोरियातील युद्ध त्या वेळी चालू होते. युद्धप्रसंगी कुशल मनुष्यबळाची वाट न पाहता इलेक्ट्रॉनीय सामग्रीचे उत्पादन झपाट्याने वाढविता यावे, हा या प्रकल्पाचा उद्देश होता. सुमारे २२ मिमी. बाजूच्या चौरस चिनी मातीच्या चकत्यांवर रोधक व धारित्रे छापून चकत्या एकावर एक रचीत आणि कडेच्या खाचांत उभ्या तारा बसवून त्यांना डाख देत. सर्वांत वर निर्वात नलिकेची बैठक असे. पद्धत कल्पक होती, परंतु ती निर्वात नलिकेभोवती रचलेली होती. पुढील काही वर्षांतच ट्रँझिस्टराचा प्रसार झाला व साधा मुद्रित फलक अधिक सोयीचा ठरला. वस्तू बदलली की केवळ तिच्यासाठी उभारलेले यंत्र निरुपयोगी होते, हे दोन्ही प्रयत्नांतून दिसून आले. हाताला असा धोका नव्हता. त्याला नव्या फलकाचे काम थोड्या दिवसांत शिकविता येई.

सामूहिक डाखकाम : यश मिळाले ते अधिक मर्यादित उद्दिष्ट ठेवणाऱ्या पद्धतीस. अमेरिकेच्या लष्करी संदेशवहन दलातील मो एब्रम्सन व स्टॅनिस्लॉस डँको यांनी १९४९ मध्ये ‘ऑटो-सेंब्ली’ ही पद्धत विकसित केली. तीत घटकांच्या तारा फलकाच्या छिद्रांतून आरपार घालून फलकाची तांब्याची बाजू वितळलेल्या डाखात एकदाच बुडवीत. त्यामुळे सर्व जोड एकदम पक्के होत. बुडविण्याच्या या पद्धतीत डाखाच्या पृष्ठभागावर साचणारा मळ फलकाला चिकटत असे. हा दोष १९५६ मध्ये ब्रिटनमधील फ्राइज मेटल फाउंड्रीज या कंपनीने पुढे आणलेल्या लहरी डाखकामाने दूर झाला. यात पंपाने वितळलेल्या डाखाची अखंड लाट उसळत ठेवतात आणि फलक तिच्या माथ्याला स्पर्श करीत पुढे सरकतो. दर क्षणी ताजा, स्वच्छ डाख वर येतो.

६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेली मिश्रधातू १८३° से. तापमानास एकदम वितळते. त्यामुळे ती या कामाला फार सोयीची ठरली. हाताने एकामागून एक शेकडो जोड देणाऱ्या कामगाराचे कितीतरी तासांचे काम लाट काही सेकंदांत करू लागली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्राने प्रथम हस्तगत केले ते डाख देण्याचे काम. प्रत्येक जोड एकसारखा असल्याने ते यांत्रिकीकरणास सुलभ होते. घटक उचलणे, त्याची दिशा पाहणे, तारा वाकविणे व त्या योग्य छिद्रांत घालणे हे काम दिसायला सोपे, पण यंत्राला अवघड होते. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस बसलेल्या कामगारांनी घटक बसवावेत आणि पट्ट्याच्या शेवटी लाटेने डाख द्यावा, अशी मिश्र रचना जगभर रूढ झाली व अनेक दशके टिकली. प्रत्येक कामगाराकडे ठरावीक थोडे घटक असत. काही कारखान्यांत घटक कोठे बसवायचा ती जागा प्रकाशाच्या ठिपक्याने दाखविणारी व त्याच वेळी योग्य खण पुढे आणणारी अर्धस्वयंचलित मेजेही वापरण्यात आली.

घटक बसविणारी यंत्रे : घटक छिद्रांत घालणारी यंत्रे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाली. त्यांचे काही निर्माते अनपेक्षित क्षेत्रांतून आले. धान्यप्रक्रिया व खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या जनरल मिल्स या कंपनीच्या यंत्रविभागाने ‘ऑटोफॅब’ हे यंत्र बनविले, तर पादत्राणांची यंत्रे तयार करणाऱ्या युनायटेड शू मशिनरी या मॅसॅचूसेट्समधील कंपनीची घटक बसविणारी यंत्रे पुढे ‘डायनासर्ट’ या नावाने विकली गेली. जोड्याच्या तळव्यात खिळे ठोकणे आणि फलकाच्या छिद्रात तार घालून ती मागून वाकविणे या दोन कामांत यंत्रदृष्ट्या बरेच साम्य आहे.

या यंत्रांच्या मर्यादांमुळे खुद्द घटकांचे व फलकांचे स्वरूप बदलले. दोन्ही टोकांस सरळ तारा असलेले नळीच्या आकाराचे रोधक फितीवर ओळीने चिकटवून पुरविण्यात येऊ लागले. छिद्रांतील अंतर २.५४ मिमी.च्या पटीत ठेवण्याचा प्रघात पडला. आयबीएम कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रमाणित आकाराची लहान मंडलपत्रे योजिली. त्यांची रचना प्रारंभापासूनच यांत्रिक उत्पादन डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती आणि १९५९ मध्ये जाहीर झालेल्या १४०१ या संगणकात ती वापरण्यात आली. संगणक वेगवेगळे असले, तरी त्यांतील पत्रे समान असल्याने यंत्राला आवश्यक असलेली मोठी संख्या मिळू लागली. सारग्रोव्ह यांची अडचण अशा प्रकारे प्रमाणीकरणाने सुटली. दोन ओळींत पाय असलेली संकलित मंडलांची पेटी १९६४ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीत तयार झाली. तिचाही आकार यंत्राच्या पकडीस अनुकूल होता. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने १९६८ मध्ये ‘पॅनासर्ट’ मालिकेतील पहिले यंत्र तयार केले.

दूरचित्रवाणी उद्योगातील दोन मार्ग : या निवडीचे आर्थिक व सामाजिक परिणाम दूरचित्रवाणी संचांच्या उद्योगात सर्वांत ठळकपणे दिसतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही कंपन्यांनी मुद्रित फलक स्वीकारले, तेव्हा आरंभीचे फलक उष्णतेने तडकत व जोड सुटत. निर्वात नलिकांची उष्णता हे त्याचे मुख्य कारण होते. शिकागोच्या झेनिथ कंपनीने याच मुद्द्यावर आपली विक्री उभारली. आपल्या संचांचा सांगाडा हाताने तारा जोडून केलेला असून त्यात मुद्रित मंडले नाहीत, अशी जाहिरात ती १९६० नंतरच्या दशकातही करीत असे. ग्राहकांना व दुरुस्ती करणाऱ्यांना हा दावा पटत होता आणि त्या काळापुरता तो निराधारही नव्हता. हाताचे काम म्हणजे निकृष्ट काम हे समीकरण तेव्हा प्रचलित नव्हते.

ट्रँझिस्टर व संकलित मंडले आल्यावर उष्णता कमी झाली, घटकांची संख्या घटली आणि मुद्रित फलक विश्वसनीय ठरला. हाताने जोडलेल्या तारांचा फायदा संपला, खर्च मात्र राहिला. या वळणावर दोन भिन्न मार्ग चोखाळले गेले. जपानी कंपन्यांनी संचाची पुनर्रचना करून घटक कमी केले व त्यांपैकी बहुतेक यंत्राने बसविण्यास प्रारंभ केला. अमेरिकन कंपन्यांनी मुख्यतः हस्तजुळणी कायम ठेवून ती कमी मजुरीच्या प्रदेशांत नेली. मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमावर्ती औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम सुरू केला होता. आरसीए कंपनीने १९६८ नंतर स्यूदाद ह्वारेस येथे काम सुरू केले आणि झेनिथ कंपनीने १९७७ मध्ये आपल्या जुळणीकामाचा मोठा भाग मेक्सिको व तैवान येथे हलविण्याचे जाहीर केले. अमेरिकेतील हजारो कामगारांच्या नोकऱ्या त्यामुळे गेल्या.

पहिल्या काही वर्षांत दोन्ही मार्गांनी खर्च कमी झाला. दीर्घकालीन परिणाम मात्र वेगळे होते. यंत्राने बसविलेल्या घटकांत चुकीचा घटक किंवा उलटी दिशा हे दोष कमी येत. एका फलकावर ५०० जोड असतील आणि दहा हजारांत एक जोड सदोष निघत असेल, तर शंभरांपैकी जवळजवळ पाच फलक सदोष ठरतात. जोडांची विश्वसनीयता दहापट वाढविली, तर हे प्रमाण दोनशे फलकांत एक इतके उतरते. तपासणी व दुरुस्तीचा खर्च त्याच प्रमाणात घटतो. शिवाय यंत्र वापरताना मिळालेले ज्ञान पुढील संचाच्या आराखड्यात उपयोगी पडते. मजुरीतील बचतीतून असे ज्ञान साठत नाही. आरसीएचा ब्लूमिंग्टन येथील कारखाना १९९८ मध्ये बंद झाला. झेनिथ कंपनीचे बहुसंख्य भाग तत्पूर्वी १९९५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीने घेतले होते. या उद्योगाच्या ऱ्हासाला व्यापारविषयक इतरही कारणे होती. तरीही जुळणीच्या पद्धतीची निवड हा त्यातील एक महत्त्वाचा घटक होता.

निवडीचा हिशोब : यंत्रजुळणीत प्रत्येक नव्या फलकासाठी पूर्वतयारी करावी लागते : घटकांच्या फिती चढविणे, जागांची माहिती यंत्राला देणे, पहिला फलक तपासणे इत्यादी. हा खर्च नगांची संख्या कितीही असली, तरी तेवढाच असतो. हस्तजुळणीत पूर्वतयारी थोडी, पण दर नगाचा खर्च जास्त असतो. पूर्वतयारीचा खर्च ‘त’, हाताने एका नगास येणारा खर्च ‘ह’ व यंत्राने येणारा ‘य’ मानल्यास, ‘त’ ला ‘ह’ व ‘य’ यांच्या वजाबाकीने भागून जी संख्या येते, तितक्या नगांनंतर यंत्र स्वस्त पडते. उदाहरणार्थ, पूर्वतयारीस ४८० रु., हाताने दर नगास ४० रु. व यंत्राने ४ रु. खर्च धरला, तर ४८० ला ३६ ने भागून ही सीमा १४ नगांची येते. यंत्राचा व तयारीचा खर्च तोच ठेवून हाताची मजुरी चौथ्या हिश्शावर आली, तर दर नगास हाताने १० रु. पडतात व सीमा ८० नगांवर जाते. मजुरी दहाव्या हिश्शावर आली, तर दोन्ही खर्च सारखे होतात आणि कितीही नग असले, तरी यंत्र परवडत नाही. हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. तथापि एकच यंत्र एका देशात लाभदायक व दुसऱ्या देशात तोट्याचे का ठरते, हे त्यांवरून कळते. यंत्राची किंमत व तिच्यावरील व्याज यात धरलेले नाही. ते धरल्यास यंत्र वर्षातून किती तास चालते, हा प्रश्न निर्णायक होतो.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील दोन कारखाने या प्रश्नाची उदाहरणे होत. ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी १९८४ मध्ये तेथे अतिशय स्वयंचलित कारखाना उभारला. प्रारंभीच्या काळात संगणकांचा खप अपेक्षेपेक्षा कमी राहिला. हा कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. स्टीव्ह जॉब्झ यांनी १९८५ मध्ये स्थापिलेल्या नेक्स्ट कंपनीने त्याच गावी मंडलफलक जवळजवळ मनुष्यस्पर्शाविना तयार करणारी मालिका उभी केली. तांत्रिक दृष्ट्या ती उत्कृष्ट होती. परंतु १९९३ मध्ये कंपनीने संगणक बनविणे थांबविले तोपर्यंत तिचे सुमारे ५०,००० संगणकच विकले गेले होते. यंत्रे सक्षम होती, त्यांना पुरेसे काम नव्हते. सारग्रोव्ह यांच्या प्रयत्नानंतर चार दशकांनी तोच धडा पुन्हा मिळाला.

पृष्ठ-जुळणी : घटकाच्या तारा छिद्रातून न नेता त्याची धातुमय टोके फलकाच्या पृष्ठभागावरच डाखाने जोडण्याच्या पद्धतीस पृष्ठ-जुळणी म्हणता येईल. १९६० नंतरच्या दशकात सॅटर्न अग्निबाणाच्या मार्गदर्शक संगणकासारख्या विशेष कामांसाठी तिचा उपयोग झाला आणि १९८० नंतर ती सर्वसामान्य वस्तूंत आली. यात छिद्रे असलेल्या पातळ पत्र्यातून डाखाची लेई फलकावर ठरलेल्या जागी लावतात, यंत्र निर्वाताच्या चोषणाने घटक उचलून लेईवर ठेवते आणि फलक भट्टीतून जाताना लेई वितळून जोड तयार होतात. घटक वाकविणे व छिद्रात घालणे ही यंत्राला अवघड असलेली कामे अशा रीतीने नाहीशीच झाली. आधुनिक यंत्र तासाला दहा हजारांहून कितीतरी अधिक घटक ठेवू शकते.

येथे निवडीचे स्वरूप मुळातून बदलले. प्रारंभीचे पृष्ठ-घटक चिमट्याने हाताळता येत. नंतर १.६ × ०.८ मिमी., १.० × ०.५ मिमी., ०.६ × ०.३ मिमी. व ०.४ × ०.२ मिमी. असे त्यांचे आकार उतरत गेले. यांतील शेवटचे आकार कारखान्याच्या गतीने हाताने बसविणे व्यवहारात शक्य नाही. १९९० नंतर पसरलेल्या काही संकलित मंडलांचे जोड त्यांच्या तळाशी डाखाच्या गोळ्यांच्या रूपात असतात. तेथे डाख देण्याचे तापलेले हत्यार पोचूच शकत नाही आणि तपासणीस क्ष-किरण लागतात. खिशात मावणाऱ्या दूरध्वनीत हाताने जुळणी करावी की यंत्राने, हा प्रश्न अशा रीतीने मजुरीचा राहिला नाही, तर घटकाच्या आकारानेच त्याचे उत्तर दिले. यूरोपीय संघात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनीय वस्तूंतील शिशावर निर्बंध आले. कथिल, चांदी व तांबे यांच्या नव्या डाखास सुमारे २१७° से. पेक्षा अधिक तापमान लागते. त्यामुळे भट्टीचे नियंत्रण अधिक काटेकोर झाले व हाताने डाख देणाऱ्यांनाही आपली सवय बदलावी लागली.

कामगार व कौशल्य : जगात बहुतेक ठिकाणी हस्तजुळणीचे काम मुख्यतः तरुण स्त्रियांनी केले. त्यांची बोटे निसर्गतःच चपळ असतात, असे कारण कारखानदार देत. डायान एल्सन व रूथ पीअर्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या समजुतीचे परीक्षण केले आहे. घरी लहानपणापासून शिवणकाम व तत्सम कामांतून मुलींना मिळालेले हे प्रशिक्षणच असून ते घरात झाल्याने त्याची गणना कौशल्यात होत नाही आणि म्हणून मजुरी कमी दिली जाते, असे त्यांनी दाखवून दिले. डाखकामातील अभिवाह बहुधा चीड वृक्षाच्या राळेपासून करतात. त्याच्या धुरामुळे काही कामगारांना व्यावसायिक दमा होतो. सतत बारीक वस्तूंवर दृष्टी खिळवून ठेवल्याने डोळ्यांवर ताण पडतो. यंत्राने हे त्रास कमी केले, पण ज्यांना ते त्रास होत होते त्यांचा रोजगारही बहुधा त्याबरोबर गेला.

याउलट काही क्षेत्रांत हाताच्या कौशल्याला औपचारिक प्रतिष्ठा मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी व अवकाश प्रशासनाने १९६० नंतरच्या दशकात हाताने डाख देण्याची तपशीलवार मानके ठरविली आणि त्यांनुसार प्रशिक्षित व प्रमाणित व्यक्तीकडेच हे काम सोपविले. अवकाशयानाची मंडले मोजकीच असतात व प्रत्येक जोड तपासला जातो. तेथे मनुष्याच्या डोळ्याची व हाताची किंमत वेगळीच ठरते. जुळणी कोणत्याही पद्धतीने केलेली असली, तरी तयार जोड कसा असावा याचे सर्वमान्य निकष १९८३ पासून मुद्रित मंडल उद्योगाच्या आयपीसी या संस्थेने प्रसिद्ध केले. त्यांमुळे हस्तजुळणी व यंत्रजुळणी यांची तुलना एकाच मापाने करता येऊ लागली.

भारतातील वाटचाल : स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज व १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी संस्था बंगलोर (आता बंगळूर) येथे स्थापन झाल्या. नगांची संख्या मर्यादित, नमुने अनेक, मजुरी कमी आणि यंत्रे आयात करण्यासाठी परकीय चलन दुर्मिळ, अशा परिस्थितीत हाताने घटक बसवून डाख देणे हाच व्यवहार्य मार्ग होता. मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन झाले. तेथील कारखान्यांत जुळणीचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे होते आणि उपनगरांतील अनेक मराठी कुटुंबांना त्याद्वारे नियमित वेतन मिळाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर सुटे भाग आणून संच जुळविणाऱ्या लहान उद्योगांची देशभर वाढ झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ वाहिन्यांचे ग्रामीण दूरध्वनी केंद्र विकसित करून त्याचे तंत्र अनेक उत्पादकांना दिले.

हे धोरण रोजगाराच्या दृष्टीने समर्थनीय होते, परंतु ते छिद्र-जुळणीच्या काळातच टिकणारे होते. पृष्ठ-जुळणी आली, तेव्हा मजुरीतील फायदा उरला नाही. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला आणि २००५ पर्यंत त्यातील वस्तूंवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द झाले. जुळविलेले फलक किंवा तयार वस्तू आयात करणे त्यामुळे सोपे झाले. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या नोकिया कंपनीच्या दूरध्वनी कारखान्यातील उत्पादन २०१४ मध्ये थांबले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने भ्रमणध्वनीच्या जुळविलेल्या फलकांवर १० टक्के आयात शुल्क बसविले. त्यानंतर घटक ठेवणाऱ्या यंत्रांच्या मालिका देशात अधिक प्रमाणात उभ्या राहू लागल्या. अशा कारखान्यांतही हजारो कामगार असतात, मात्र त्यांचे काम फलकावर घटक बसविण्याचे नसून फलक पेटीत बसविणे, पडदा जोडणे, चाचणी घेणे व बांधणी करणे हे असते.

सद्यःस्थिती : आधुनिक कारखान्यात दोन्ही पद्धती एकमेकींस पूरक म्हणून नांदतात. लहान घटक यंत्र ठेवते. मोठी धारित्रे, रोहित्रे व जोडण्या, ज्यांचा आकार एकसारखा नसतो व ज्यांना केबलीचा ओढा सोसावा लागतो, त्या अद्याप अनेक ठिकाणी हाताने छिद्रांत घालून लाटेने डाखल्या जातात. तपासणी करणारे कॅमेरे सदोष जोड दाखवितात, तो जोड दुरुस्त करतो तो मात्र बहुधा माणूसच. नव्या उपकरणाचा पहिला नमुना, संशोधन संस्थांना लागणारी मोजकीच मंडले, जुन्या यंत्रसामग्रीचे सुटे फलक आणि दुरुस्ती या क्षेत्रांत हस्तजुळणीला पर्याय नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) सुटे घटक घेऊन आपला पहिला फलक जुळविणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी याच परंपरेत मोडतात. त्यांतील घटकांची निवडही अनेकदा हाताला पेलेल अशा आकाराची केली जाते.

सारांश, हात व यंत्र यांमधील निवड एकदाच होऊन संपली नाही. घटक, मजुरी किंवा मागणी बदलली की ती पुन्हा करावी लागली. ज्या उद्योगांनी ती करताना वस्तूचा आराखडाही बदलला ते टिकून राहिले. ज्यांनी केवळ स्वस्त हात शोधले किंवा मागणी न पाहता केवळ यंत्रे उभारली, त्यांना दोन्ही बाबतींत मोठी किंमत मोजावी लागली. त्या किमतीचा बराचसा भाग जुळणीच्या मेजावर बसणाऱ्या आणि निवडीत ज्यांचे मत क्वचितच विचारले गेले, अशा कामगारांच्या वाट्यास आला.